गरुडाचे नवे तारुण्य

उपवासकाळ सुरू झाला की आपल्या ध्यानसाधनांतून आणि प्रवचनांतून गरुडाची एक गोष्ट हमखास ऐकू येते. गरुड चाळीस वर्षांचा झाला की त्याची चोच वाकते, नख्या बोथट होतात, पिसे जड होऊन छातीला चिकटतात. मग तो उंच कड्यावर एकटाच जाऊन बसतो. चोच खडकावर आपटून मोडतो. नवी चोच आली की तिने जुन्या नख्या उपटतो. नव्या नख्या आल्या की त्यांनी जुनी पिसे ओढून काढतो. दीडशे दिवसांच्या यातनांनंतर तो पुन्हा आकाशात झेपावतो आणि आणखी तीस वर्षे जगतो. गोष्ट संपते आणि श्रोत्यांना सांगितले जाते की, तुम्हीही आपले जुने जीवन असेच मोडून टाका.

गोष्ट परिणामकारक आहे, पण खरी नाही. चोच मोडलेला शिकारी पक्षी दीडशे दिवस काढू शकत नाही. काही दिवसांतच तो भुकेने मरेल. चोच आणि नख्या आयुष्यभर वाढत असतात आणि वापराने झिजत असतात. त्या मोडून नव्या आणण्याची गरज कोणत्याच गरुडाला पडत नाही. तरीही या गोष्टीचे कूळ जुने आहे. १०३ व्या स्तोत्रात गरुडासारख्या नव्या होणाऱ्या तारुण्याचा उल्लेख आहे, आणि परमेश्वराची वाट पाहणाऱ्यांना गरुडाचे पंख फुटतात असे यशया संदेष्टा ४० व्या अध्यायात सांगतो. मूळ हिब्रू भाषेतील 'नेशेर' हा शब्द गरुडाबरोबर गिधाडालाही लावला जात असे. या वचनांचा अर्थ लावताना संत ऑगस्टीन यांनी वाढलेली चोच खडकावर घासून मोडणाऱ्या गरुडाची कथा सांगितली आणि तो खडक म्हणजे ख्रिस्त असे विवरण केले. 'फिजिओलोगस' या प्राचीन ग्रंथातील म्हातारा गरुड सूर्याजवळ जाऊन आपली पिसे जाळतो, झऱ्यात तीन वेळा बुडी मारतो आणि पुन्हा तरुण होतो. त्यात प्राचीन ख्रिस्ती वाचकांना बाप्तिस्म्याची खूण दिसली. त्या काळी पक्ष्यांविषयी जे ज्ञान उपलब्ध होते त्याचा त्यांनी श्रद्धेने उपयोग केला, म्हणून त्यांना दोष देण्याचे कारण नाही.

यावर कोणी म्हणेल की, बोध चांगला असेल तर गोष्ट खरी की खोटी याची चिकित्सा कशाला? प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की, उपमा जशी असते तशीच आपली अपेक्षा घडत जाते. या गोष्टीने आपल्या मनात नूतनीकरणाचे एक चित्र पक्के केले आहे. नवे होणे म्हणजे एकट्याने, एकदाच, इच्छेच्या बळावर, स्वतःला रक्तबंबाळ करून घेणे, असे ते चित्र आहे. ध्यानसाधनेच्या शेवटच्या दिवशी दारू सोडण्याची शपथ घेऊन घरी गेलेला आणि तीन आठवड्यांनी पुन्हा घसरलेला माणूस या चित्राकडे पाहतो तेव्हा त्याला एकच निष्कर्ष सुचतो : आपण गरुड नाही. प्रायश्चित्त संस्काराच्या वेळी दरवर्षी तेच पाप पुन्हा सांगावे लागणारी स्त्रीही मनात हेच म्हणते. त्यांची निराशा पापातून आलेली असतेच, पण काही अंशी ती आपण सांगितलेल्या उपमेतूनही आलेली असते. म्हणून शिकारी पक्षी प्रत्यक्षात आपले पंख कसे नवे करतात हे पाहणे केवळ निसर्गशास्त्राचे काम राहत नाही. त्यात नीतीचाही प्रश्न आहे.

त्यासाठी दूरच्या पर्वतकड्यावर जाण्याची गरज नाही. विदर्भाच्या पश्चिम भागातील वाशीम जिल्ह्याकडे पाहिले तरी पुरे. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा कापूस, सोयाबीन आणि तुरीचा. आपल्या दृष्टीने तो अमरावती धर्मप्रांतात मोडतो. शेतांच्या मध्ये आणि टेकड्यांच्या उतारांवर येथे अजून गवताळ माळराने शिल्लक आहेत. कारंजा-सोहोळ येथील काळविटांचे अभयारण्य हा त्याचाच एक राखलेला तुकडा. पावसाळा सरून गवत पिवळे पडू लागले की या माळांवर उत्तरेकडून पाहुणे येतात. लांब पंखांचे, सडपातळ अंगाचे हे शिकारी पक्षी गवतावरून हातभर उंचीने तरंगत, वळत, पुन्हा मागे फिरत टोळ, उंदीर, सरडे आणि लहान पाखरे शोधतात. मराठीत त्यांना भोवत्या म्हणतात. यांतील मोंटेगूचा भोवत्या कझाकस्तानापर्यंतच्या गवताळ मैदानांत घरटी करतो, हे पाठीवर बसवलेल्या उपग्रह-यंत्रांमुळे आता निश्चित झाले आहे. हिवाळ्यात विदर्भात येणारा स्टेप गरुडही त्याच बाजूचा. मार्च-एप्रिलपर्यंत राहून हे पक्षी परततात. एवढा प्रवास ज्या पंखांवर होतो ते पंख झिजतात, आणि ते नवे कसे होतात याची हकीकत त्या गोष्टीपेक्षा अधिक विचार करायला लावणारी आहे.

पहिली गोष्ट अशी की, पूर्ण वाढलेले पीस हे मृत असते. वाढत असताना त्याच्या नळीत रक्त खेळते; वाढ पूर्ण झाली की रक्त मागे सरते आणि उरते ते आपल्या नखांसारख्या द्रव्याचे एक हलके, बळकट उपकरण. ऊन, धूळ, गवताची पाती आणि वारा यांनी त्याच्या कडा विरतात. ती जखम आतून भरून येत नाही. चोचीने पिसे विंचरून पक्षी त्यांची निगा राखतो, परंतु फाटलेले पीस त्याला शिवता येत नाही. त्यावर एकच उपाय असतो, तो म्हणजे त्याच मुळातून नवे पीस येणे. आणि येथे गोष्टीतील गरुडाशी पहिला विरोध दिसतो. पक्षी जुने पीस उपटून नव्याची वाट पाहत बसत नाही. त्वचेखाली नव्या पिसाची वाढ सुरू होते आणि तीच जुन्याला सैल करून बाहेर लोटते.

दुसरी गोष्ट क्रमाची. बदके उडण्याची सगळी पिसे एकाच वेळी टाकतात आणि काही आठवडे त्यांना उडताच येत नाही; पाण्यात, लव्हाळ्यात लपून त्यांचे निभावते. शिकारी पक्ष्याला ही चैन परवडत नाही, कारण तो उडाला नाही तर त्या दिवशी उपाशी राहतो. म्हणून तो एकेक पीस बदलतो. पंखाच्या टोकाकडील दहा मोठ्या पिसांपैकी भोवत्या आणि गरुड आतले पीस आधी टाकतात आणि मग क्रमाने बाहेर सरकतात. ससाण्यांत हा क्रम मधल्या पिसापासून दोन्ही दिशांनी जातो. डावीकडचे जे पीस गळते, साधारण त्याच सुमारास उजवीकडचेही तेच गळते, म्हणजे तोल ढळत नाही. पंखात फट पडते, पण पक्षी उडत राहतो, शिकार करत राहतो, पिलांना भरवत राहतो.

तिसरी गोष्ट वेळेची. पक्षी जितका मोठा तितके त्याचे पीस लांब. पण पिसाच्या वाढीचा वेग त्या प्रमाणात वाढत नाही. दिवसाला काही मिलिमीटर एवढीच ती वाढ. भोवत्यासारखा लहान पक्षी वर्षभरात सारी पिसे बदलू शकतो. स्टेप गरुडासारख्या मोठ्या पक्ष्याला एक वर्ष पुरत नाही. पहिल्या उन्हाळ्यात आतली चार-पाच पिसे बदलून होतात आणि हिवाळा आला की काम थांबते. पुढल्या वर्षी जेथे थांबले तेथून ते पुढे चालू होते, आणि त्याच वेळी आतून दुसरी लाटही सुरू होते. त्यामुळे वाढत्या गरुडाच्या एकाच पंखात यंदाचे, गेल्या वर्षीचे आणि त्याच्याही आधीचे अशी तीन वयांची पिसे शेजारी शेजारी नांदत असतात. जाणकार ती पाहूनच पक्ष्याचे वय सांगतात. असा एकही दिवस येत नाही की ज्या दिवशी त्या गरुडाचा संपूर्ण पंख नवा असतो. आणि तरीही तो त्याच पंखावर हिमालय ओलांडतो.

चौथी गोष्ट थांबण्याची. लांबच्या प्रवासात पंखाला फट परवडत नाही. म्हणून निघण्यापूर्वी अनेक स्थलांतरित पक्षी पिसे बदलण्याचे काम मध्येच थांबवतात. जे पीस वाढते आहे ते पूर्ण होऊ देतात, पुढचे मात्र टाकत नाहीत. अर्धा पंख नवा, अर्धा जुना, अशा स्थितीत ते निघतात आणि उरलेले काम हिवाळी मुक्कामी पुरे करतात. मोंटेगूच्या भोवत्यांपैकी अनेकांचे असेच होते. नोव्हेंबरात मध्य भारतावरून अरबी समुद्राकडे जाणारा अमूर ससाणा तर उडण्याची पिसे मुख्यतः आफ्रिकेच्या दक्षिण भागात पोहोचल्यावरच बदलतो. म्हणजे वाशीमच्या माळावर उतरलेला भोवत्या येथे केवळ थंडी टाळायला आलेला नसतो. परतीच्या वाटेवर जे पंख त्याला नेणार आहेत, त्यांतील काही पिसे येथल्या टोळांवर आणि उंदरांवर वाढलेली असतात.

आणि पाचवी गोष्ट, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, ती अन्नाची. भोवत्याची मादी अंडी उबवत असतानाच पिसे बदलू लागते. नराचे काम उशिरा सुरू होते. कारण उघड आहे. त्या काळात नर शिकार करून तिला भरवत असतो, म्हणून तिला पंखात फट पाडून घेणे परवडते. तिचे नवेपण त्याच्या श्रमावर उभे असते. याउलट, पीस वाढत असताना उपासमार झाली तर त्यावर आडवी, फिकट, कमकुवत रेघ उमटते. ससाणे पाळणारे लोक या रेघांना भुकेच्या खुणा म्हणत आले आहेत. नंतर कितीही पोटभर मिळाले तरी ती रेघ पुसली जात नाही. ते पीस गळेपर्यंत ती राहते, आणि ताण पडला की पीस बहुधा तेथेच मोडते.

आता या पाच गोष्टी मनात ठेवून आपल्या प्रश्नाकडे वळू. माणसाचे मनःपरिवर्तन त्या कथेतील गरुडासारखे असते की या माळावरच्या पक्ष्यासारखे?

दमिष्काच्या वाटेवर संत पौल क्षणात कोसळला, हे खरे. परंतु गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात तो स्वतःच सांगतो की, त्यानंतर आपण अरबस्थानात गेलो, दमिष्काला परतलो आणि तीन वर्षांनी यरुशलेमला गेलो. त्या तीन वर्षांविषयी आपण फारसे बोलत नाही. संत ऑगस्टीन यांना मिलानच्या बागेत ३८६ साली साक्षात्कार झाला आणि ३८७ च्या पुनरुत्थान सणाला त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण त्यानंतर दहा-बारा वर्षांनी, महागुरू झाल्यावर लिहिलेल्या आत्मनिवेदनाच्या दहाव्या भागात ते आपल्याला अजून छळणाऱ्या मोहांची एकेक करून यादी देतात. त्यांच्याही पंखात जुनी आणि नवी पिसे शेजारी शेजारी होती. हाक क्षणात येते. पंख मात्र क्रमाने नवा होतो. या दोहोंची गल्लत केली की माणूस हाक खरी होती की नाही याविषयीच शंका घेऊ लागतो.

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो घेतलाच पाहिजे. 'हळूहळू' हा शब्द आळशाला फार आवडतो. आज नको, उद्या पाहू, असे म्हणणाराही आपण क्रमाने जात आहोत असे सांगू शकतो. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ साली कुटुंबाविषयीच्या आपल्या बोधपत्रात या धोक्यावर बोट ठेवले होते. माणूस पायरीपायरीने वाढतो हे मान्य करताना त्यांनी बजावले की, याचा अर्थ देवाच्या नियमालाच निरनिराळ्या पायऱ्या आहेत असा नव्हे. पक्ष्याचेही तसेच आहे. त्याची गती मंद असते, पण ती सैल नसते. कोणत्या पिसानंतर कोणते, हा क्रम तो मोडत नाही. आणि एकदा बाहेर लोटलेले पीस पुन्हा खोवून घेत नाही. प्रवासात थांबलेले काम मुक्कामी पोहोचताच हाती घेतो. थांबणे आणि सोडून देणे यांतला फरक त्याच्या पंखात वाचता येतो, आणि आपल्या जीवनातही तो वाचता येतो. व्यसन सोडू पाहणारा माणूस घसरल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा सभेला येऊन बसतो की नाही, यावर तो ओळखावा.

परंतु एवढ्यावर विचार संपवला तर आपण पुन्हा एकट्या गरुडाचीच गोष्ट सांगितल्यासारखे होईल, फक्त थोडी मंद गतीची. खरा प्रश्न पुढे आहे. नूतनीकरण ही एकट्याच्या इच्छेची बाब आहे काय? माळावरचा पक्षी याचे उत्तर नकारार्थी देतो. त्याला स्वतःचा क्रम पाळता येतो, पण अन्न आणि जागा त्याला निर्माण करता येत नाही. आणि आश्चर्य असे की १०३ वे स्तोत्रही हेच सांगते. तेथे गरुड कड्यावर जाऊन काही करत नाही. परमेश्वर उत्तम पदार्थांनी तृप्त करतो आणि म्हणून तारुण्य गरुडासारखे नवे होते, असा त्या ओळींचा क्रम आहे. आधी भरवणे, मग नवे होणे. कथा सांगताना आपण दुसरा भाग ठेवला आणि पहिला गाळला. मग रिकामी झालेली जागा भरायला खडक आणि रक्त आणावे लागले.

आधी भरवणे हे ज्यांच्या हाती आहे त्यांच्यावर मग एक ऋण येते. वाशीमच्या संदर्भात ते ऋण अगदी जमिनीवरचे आहे. भोवत्या रात्री झाडावर बसत नाहीत. उंच गवतात जमिनीवर, थव्याने मुक्काम करतात. असे गवत बहुधा गायरानात किंवा वऱ्हाडात जिला ई-क्लास जमीन म्हणतात त्या सरकारी चराऊ जमिनीत असते. सरकारी नोंदींत अशा जमिनीची गणना अनेकदा 'पडीक' या सदरात होते. पडीक म्हणजे जिचा काही उपयोग नाही ती. मग तेथे खड्डे खणून झाडे लावणे हेही पुण्यकर्म ठरते, आणि नांगर घालणे हा विकास ठरतो. ज्या जमिनीवर मेंढरे चरतात, तणमोरासारखा दुर्मीळ पक्षी पावसाळ्यात अंडी घालतो आणि हजारो किलोमीटर उडून आलेला पक्षी आपला पंख पुरा करतो, तिला निरुपयोगी म्हणणे ही केवळ नोंदीतली चूक नव्हे. विश्रांतीला आपण रिकामेपण समजतो, याची ती खूण आहे. लेवीय ग्रंथाच्या २५ व्या अध्यायात सातव्या वर्षी जमीन पडू द्यावी, तिला तिचा शब्बाथ मिळावा, आणि आपोआप उगवलेले दासाला, मजुराला, परक्याला, गुराला आणि रानातल्या जनावरालाही खाऊ द्यावे असा नियम आहे. पडीक ठेवणे ही त्या नियमात आज्ञापालनाची रीत आहे.

येथे भाबडेपणा मात्र नको. गायरानावर जो नांगर धरतो तो अनेकदा भूमिहीन असतो. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली ज्यांच्यासाठी भूमिसत्याग्रह केले त्यांच्या पुढच्या पिढ्यांतला. त्याला पक्ष्यासाठी जागा सोड असे सांगण्याचा अधिकार, पोट भरलेल्या माणसाला सहजासहजी मिळत नाही. १८७१ च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलेल्या आणि १९५२ साली त्या शिक्क्यातून मुक्त झालेल्या जमातींपैकी फासेपारधी या माळांवर पिढ्यान्‌पिढ्या फिरले. फास लावून पाखरे धरणाऱ्या या लोकांइतके गवत आणि पाखरू कोणाला ठाऊक नाही. कारंजा येथील 'संवेदना' या संस्थेने त्यांच्याच ज्ञानावर विसंबून माळरान राखण्याचे काम केले, ही दिशा मला योग्य वाटते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात धरणीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्रच ऐकावा असे जे आग्रहाने मांडले, त्याचा अर्थ अशा ठिकाणी कळतो. पक्षी की गरीब, असा प्रश्न मांडणाराच बहुधा दोघांची जागा घेऊन मोकळा होतो.

जागा देता येते, याचा दाखलाही आहे. नागालँडमध्ये दोयांग जलाशयाजवळ २०१२ सालच्या हंगामात हजारो अमूर ससाणे जाळ्यांत धरून मारले गेले. ते पाहून देश हळहळला. पांग्ती आणि आसपासच्या गावांनी बंदी स्वीकारली, तेथील चर्चमधूनही समजावण्याचे काम झाले, आणि २०१३ साली तेथे शिकार झाली नाही. त्या गावांना शिकारीतून मिळणारे उत्पन्न सोडावे लागले. ज्या पक्ष्याचे पंख समुद्रापार नवे व्हायचे होते, त्याला मधल्या मुक्कामी कोणी न मारणे हीच त्या गावांनी त्याला केलेली मदत होती.

आणि हेच ऋण माणसांनाही लागू आहे. दिवाळीच्या सुमारास भोवत्या वाशीमच्या माळावर उतरत असतात, तेव्हा याच भागातली कित्येक कुटुंबे ऊसतोडीला किंवा शहरातल्या बांधकामावर निघालेली असतात. त्यांच्याबरोबर निघालेल्या मुलांच्या वाढीच्या वयात जी आडवी रेघ पडते ती पुढे कोणत्याही योजनेने पुसता येत नाही. आयुष्याने ताण दिला की माणूस नेमका तेथे मोडतो. मग तो दारूत का गेला, शपथ का पाळू शकला नाही, असे आपण विचारतो. त्याची जबाबदारी नाहीशी होत नाही. पण प्रश्न केवळ त्याच्याच इच्छाशक्तीचा राहत नाही. ती रेघ पडत असताना आपला धर्मग्राम, आपली शाळा, आपले घर कोठे होते, हेही विचारावे लागते.

म्हणून येत्या उपवासकाळात गरुडाची गोष्ट सांगायचीच असेल तर ती खऱ्या पक्ष्याची सांगावी असे सुचवावेसे वाटते. जो पडला आहे त्याला सांगावे की तुझ्या पंखात जुनी पिसे उरली आहेत म्हणून तू खोटा ठरत नाहीस. पुढचे पीस कोणते ते पाहा आणि तेवढे बदल. जो पडलेला नाही त्याला विचारावे की शेजाऱ्याचे पीस वाढत असताना तू त्याला काय भरवतोस. उपवासातून वाचलेला घास ख्रिस्ती परंपरेने आरंभापासून भुकेल्याच्या वाट्याला दिला आहे. त्या घासावर कोणाचे तरी पीस रेघेवाचून वाढत असते.